भर दरबारात, कोणाच्याही लक्षात न येता मंत्र टाकता येतो का?

प्रश्न : वीसपैलू

नमस्कार. आमच्या गटात डन्जन मास्टरची, म्हणजे खेळ चालवून निवाडे देणाऱ्याची, खुर्ची माझ्याकडे असते. आम्ही ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रे वठवून आणि फासे टाकून खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती २०१४च्या पुस्तकांनुसार खेळतो आणि सगळी पात्रे सध्या पाचव्या लेव्हलवर आहेत. गेल्या बैठकीत मी एक निर्णय घाईघाईने दिला आणि तो तेव्हापासून मला डाचतो आहे, म्हणून प्रश्न जरा सविस्तर मांडतो.

प्रसंग असा होता. पात्रांच्या एका साथीदाराला राजप्रतिनिधीने कैदेत टाकले होते आणि त्याच्या सुटकेची विनवणी करायला सगळी मंडळी दरबारात उभी होती. दालनात आठ पहारेकरी होते, दहा-बारा दरबारी होते आणि राजप्रतिनिधीच्या उजव्या हाताला तिचा सल्लागार उभा होता, जो स्वतः विझर्ड, म्हणजे अभ्यासाने जादू शिकलेला, आहे हे खेळाडूंना ठाऊक होते. बोलणी फिसकटू लागली, तेव्हा आमच्या विझर्डच्या खेळाडूने जाहीर केले की तो खोकल्याची उबळ आल्याचे सोंग करील, झग्याच्या आत हात घालील आणि खोकता खोकता ओठांतल्या ओठांत ‘सजेशन’ हा समोरच्याला आपली सूचना पटवणारा मंत्र पुटपुटेल. कल्पना मजेदार होती, टेबलावर हशा पिकला आणि त्या भरात मी ‘स्लाइट ऑफ हॅन्ड’चा, म्हणजे हातचलाखी जोखणाऱ्या फाशाचा, रोल मागितला. लक्ष्य पंधराचे ठेवले होते, एकूण सतरा झाले. राजप्रतिनिधीचा विझ्डमचा सेव्हिंग थ्रो, म्हणजे मंत्र झुगारण्यासाठी टाकायचा फासा, हुकला, कैद्याला सोडण्यात आपल्याच औदार्याची कीर्ती आहे हे तिला पटले आणि कैदी सुटला.

सगळे खूश होते. फक्त सॉर्सररची, म्हणजे उपजत जादू असलेल्या पात्राची, खेळाडू गप्प होती. आवराआवर करताना तिने एकच वाक्य उच्चारले : “मग तिसऱ्या लेव्हलला मी सबटल स्पेल कशासाठी घेतले?” सबटल स्पेल म्हणजे न बोलता आणि हात न हलवता मंत्र टाकण्याची सॉर्सररची क्षमता. तिच्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हते आणि अजूनही नाही.

तर माझे विचारणे असे आहे की मंत्र हळू आवाजात म्हणता येतो का, हातवारे लपवता येतात का, आणि येत असतील तर त्यासाठी कोणता रोल मागावा? शिवाय झालेल्या गोष्टीचे आता काय करावे? पुढच्या बैठकीला पात्रे अजून त्याच शहरात असणार आहेत आणि तो सल्लागार आंधळा किंवा बहिरा नाही.

उत्तर : तळटीप

आपल्या प्रश्नात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत आणि बहुतेक टेबलांवरचा वाद त्या सुट्या न केल्यामुळेच होतो, असा माझा अनुभव आहे. मंत्र टाकण्याची क्रिया कोणाला दिसली किंवा ऐकू आली का, ही पहिली गोष्ट. मंत्राचा परिणाम कोणाला दिसला का, ही दुसरी. आणि ज्याच्यावर मंत्र टाकला त्याला नंतर ते कळते का, ही तिसरी.

दुसरीबद्दल २०१४च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये मंत्रांच्या प्रकरणातच सांगितले आहे : परिणाम जाणवण्यासारखा नसेल, तर आपल्यावर मंत्र टाकला गेला हे लक्ष्याला कळेलच असे नाही. कडाडणारी वीज सगळ्यांना दिसते, पण मनातले विचार वाचण्याचा प्रयत्न सहसा लक्षात येत नाही. पुष्कळ जण इथेच पुस्तक मिटतात आणि ‘सजेशन’चा परिणाम अदृश्य असल्यामुळे मंत्र टाकणेही अदृश्य आहे असे धरून चालतात. तसे नाही. क्रियेबद्दलचा खुलासा २०१७च्या ‘झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग’मध्ये आहे आणि तो सरळ आहे : मंत्राला उच्चार, हातवारा किंवा साहित्य यांपैकी एकही घटक लागत असेल, तर तो टाकण्याची क्रिया इतरांना जाणवू शकते, साहित्य म्हणून मूळ वस्तू वापरली, घटकांची पिशवी वापरली किंवा काठी-स्फटिकासारखा फोकस वापरला, तरी फरक पडत नाही. क्रिया अजिबात जाणवू नये असे वाटत असेल, तर घटकांची गरजच नाहीशी करणारी एखादी क्षमता अंगी असावी लागते आणि तिथे पुस्तक उदाहरण म्हणून नाव घेते ते सबटल स्पेलचेच. आपल्या सॉर्सररच्या खेळाडूची तक्रार त्यामुळे मला पूर्णपणे रास्त वाटते.

आता आपल्या रोलकडे येतो. ‘सजेशन’ला उच्चार लागतो आणि साहित्य लागते, म्हणजे सापाची जीभ आणि सोबत मधाच्या पोळ्याचा तुकडा किंवा गोड तेलाचा थेंब. त्याला हातवारा लागतच नाही. आपण परीक्षा घेतलीत ती हाताची, आणि चोरी पकडली जाणार होती ती तोंडाची. स्लाइट ऑफ हॅन्डवर सतराऐवजी सत्तावीस पडले असते, तरी झग्यातली चिमूट फार तर लपली असती. आवाज लपला नसता.

हळू आवाजाबद्दल म्हणाल, तर या खेळाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत शब्द बदलले आहेत आणि तो बदल पाहण्यासारखा आहे. ३.५ आवृत्तीत उच्चार खणखणीत आवाजात करता आला पाहिजे असे लिहिले होते. २०१४च्या पुस्तकात आवाज किती मोठा असावा हे लिहिलेले नाही. सामर्थ्य शब्दांत नसून ठरावीक स्वर आणि नाद असलेल्या ध्वनींच्या जुळणीत असते, एवढेच म्हटले आहे. पुटपुटण्याची पळवाट निघाली ती या मौनातून. २०२४च्या ‘प्लेअर्स हँडबुक’ने ती बंद केली, कारण तिथे शब्द नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात उच्चारावे लागतात, असे स्पष्ट म्हटले आहे. शिवाय त्या आवृत्तीत लपून बसलेल्या पात्राने उच्चार असलेला मंत्र टाकला, की त्याचे लपणे तिथेच संपते. आपण २०१४चे नियम वापरता, त्यामुळे हे आपल्यावर बंधनकारक नाही. पण ठरावीक स्वर आणि नाद हवा म्हटल्यावर खोकल्याच्या उबळीत तो साधेल, असे मला तरी वाटत नाही.

तिसरी गोष्ट, लक्ष्याला नंतर कळते का, ही मंत्रागणिक बदलते आणि त्यासाठी मंत्राचे वर्णन शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे लागते. ‘चार्म पर्सन’ संपला की आपल्याला अमुक व्यक्तीने भुरळ घातली होती हे लक्ष्याला कळते. ‘फ्रेंड्स’ संपला की कळते आणि ते वैरीही होते. ‘सजेशन’च्या वर्णनात असे काही नाही. राजप्रतिनिधीला त्यामुळे आपण होऊन काही उमजणार नाही; तिला जे कळेल ते दालनातले इतर लोक काय सांगतात त्यावरून.

उत्तर : अर्धीमात्रा

मी गेली कित्येक वर्षे सॉर्सररच खेळते, त्यामुळे माझे मत एका बाजूला झुकलेले असणार हे आधीच कबूल करते.

२०१४च्या नियमांत सॉर्सररला तिसऱ्या लेव्हलला मेटामॅजिकचे, म्हणजे मंत्र टाकण्याची रीत बदलणाऱ्या क्षमतांचे, दोनच प्रकार निवडता येतात. तिसरा मिळतो थेट दहाव्या लेव्हलला. पाचव्या लेव्हलला हातात सॉर्सरी पॉइंट असतात पाच आणि सबटल स्पेलचा प्रत्येक वापर त्यांतला एक पॉइंट खातो. ट्विन्ड स्पेल किंवा क्विकन्ड स्पेल यांपैकी काहीतरी बाजूला ठेवून, लढाईत फारसे उपयोगी न पडणारे सबटल स्पेल जी घेते, ती नेमक्या आपल्या दरबारासारख्या एका प्रसंगासाठी घेते. तो प्रसंग आला तेव्हा दुसऱ्याने तेच काम खोकून आणि फुकटात केले. तिने एकाच वाक्यावर भागवले, हा तिचा संयम म्हणायचा.

यात आणखी एक मजा अशी आहे की २०१४च्या नियमांत सबटल स्पेलसुद्धा ‘सजेशन’ पूर्णपणे लपवत नाही. ते उच्चार आणि हातवारा काढून टाकते; साहित्य तसेच राहते. म्हणजे तळटीप यांनी सांगितलेला खुलासा काटेकोरपणे लावला, तर आपल्या सॉर्सररला पॉइंट खर्चूनही मुठीत स्फटिक धरून उभे राहावे लागले असते आणि तो स्फटिक चाणाक्ष डोळ्यांना दिसू शकला असता. २०२४च्या आवृत्तीने ही त्रुटी काढली आणि किंमत ठरवून दिलेले किंवा मंत्रात खर्ची पडणारे साहित्य सोडून बाकीचे साहित्यही सबटल स्पेलमध्ये माफ केले. आमच्या टेबलावर आम्ही ही दुरुस्ती त्याआधीच करून घेतली होती. पैसे मोजलेल्या माणसाला निदान पूर्ण वस्तू तरी द्यावी.

एका जुन्या गटात आमच्या डन्जन मास्टरने आपल्यासारखाच रोल सुरू केला होता. पहिल्या वेळी धमाल आली. तिसऱ्या बैठकीपर्यंत अशी स्थिती झाली की कोणाशीही बोलणे सुरू झाले, मग तो पहारेकरी असो, पुजारी असो की नाव नसलेला नावाडी असो, दुसऱ्या वाक्याला कोणीतरी फासा उचलून “मी हळूच टाकतो” म्हणायचे. हरण्याची भीती नव्हती, कारण रोल फसला तर डन्जन मास्टर “त्याला थोडा संशय येतो” एवढेच म्हणायचे. आमच्या बार्डने, म्हणजे गाण्यातून जादू करणाऱ्या पात्राने, कॅरिझ्मावर, म्हणजे छाप पाडण्याच्या गुणावर, सगळा भर दिला होता. त्याच्या खेळाडूने त्या मोहिमेत मन वळवण्याचा शेवटचा रोल कधी केला हे त्यालाही आठवत नव्हते. म्हणून या निर्णयाचा फटका एकट्या सॉर्सररला बसतो असे समजू नका.

उत्तर : दिवटीवाला

वरच्या दोन्ही उत्तरांतल्या नियमांशी मी सहमत आहे, परंतु “सबटल स्पेल नसेल तर विषय संपला” हा निष्कर्ष त्यांतून निघत नाही. जाणवण्यासारखी क्रिया आणि प्रत्यक्ष जाणवलेली क्रिया यांत अंतर आहे. बंद दाराआड उच्चारलेला मंत्रही जाणवण्यासारखाच असतो, पण तो ऐकायला तिथे कोणी नसते. तेव्हा मंत्र टाकणाऱ्याने घटक लपवण्यासाठी फासा टाकू नये, इतरांची नजर आणि कान त्या क्षणी दुसरीकडे असतील अशी व्यवस्था पात्रांनी आधी करावी, असा माझा आग्रह असतो.

अंतराचा हिशेब करायला एक साधन हाताशी आहे. पाचव्या आवृत्तीच्या एका अधिकृत डन्जन मास्टर स्क्रीनवर, म्हणजे फासे झाकायच्या पडद्यावर, आवाज किती दूर ऐकू येतो याचा तक्ता छापलेला आहे : कोणी आवाज न करण्याचा प्रयत्न करत असेल तर दोन सहापैलू फाशांची बेरीज गुणिले पाच फूट, नेहमीचा आवाज असेल तर तीच बेरीज गुणिले दहा फूट. सरासरी काढली तर अनुक्रमे पस्तीस आणि सत्तर फूट होतात. ‘सजेशन’चा पल्ला तीस फूट आहे. म्हणजे मंत्र लागू होण्याइतक्या जवळ जो उभा आहे, तो शांत दालनात बहुधा ऐकू येण्याइतकाही जवळ असतो, आणि पुटपुटण्याची सूट दिली तरी सुटका अशी होतच नाही.

मात्र दालन शांत राहू न देणे हे खेळाडूंच्या हातात असते. ‘मायनर इल्यूजन’ला उच्चार लागत नाही, फक्त हातवारा आणि लोकरीचा पुंजका लागतो, आणि तीस फुटांच्या आत कुठेही कुजबुजीपासून किंकाळीपर्यंत हवा तो आवाज त्यातून काढता येतो. खांबाआड उभ्या असलेल्या एका पात्राने तो टाकला, बाहेरच्या ओसरीवर काहीतरी कोसळल्याचा आवाज झाला, फायटरने तलवार उपसण्याऐवजी “राजप्रतिनिधींना आत न्या” असा गलका केला, आणि त्या गोंधळात विझर्डने मंत्र टाकला, तर मी त्याला रोल मागत नाही. साध्या पहारेकऱ्याचे पॅसिव्ह पर्सेप्शन, म्हणजे सहज लक्षात येण्याचा आकडा, बारा असते; गलका करणाऱ्याचा डिसेप्शनचा, म्हणजे फसवण्याचा, रोल त्याच्या पुढे गेला, की पहारेकऱ्याचे लक्ष तिकडे गेले असे मी धरतो. सल्लागारासारख्या मुरलेल्या माणसाचा आकडा वेगळा असतो आणि त्याला चकवायला वेगळी युक्ती लागते. यात तीन खेळाडूंनी काहीतरी केलेले असते, प्रत्येकाने थोडा धोका पत्करलेला असतो, आणि सॉर्सररचा एक पॉइंट जे काम एकट्याने करतो त्याची खरी किंमत सगळ्यांना दिसते.

दुसरा मार्ग असा की मंत्र आधीच टाकून आत जावे. ‘डिटेक्ट थॉट्स’ला तिन्ही घटक लागतात, पण तो स्वतःवर टाकायचा असतो आणि एकाग्रता टिकली तर एक मिनिट चालतो. दाराबाहेर उच्चार उरकून शांत चेहऱ्याने आत शिरलेल्या माणसाला वरवरचे विचार कोणाच्याही नकळत वाचता येतात. त्याने अधिक खोल शिरण्याचा हट्ट केला, तर मात्र समोरच्याला ते कळते, सेव्ह लागला तरी आणि हुकला तरी.

मी स्वतः खेळाडू असताना घडलेली फजिती सांगतो, कारण ती इथे अगदी चपखल बसते. एका कोषागाराच्या दारापर्यंत आम्ही श्वास रोखून पोचलो होतो. फायटरने चिलखत काढून काखोटीला मारले होते, ‘रोग’ने, म्हणजे आमच्या चोरट्या पात्राने, जिन्यातला प्रत्येक करकरणारा पायठा खडूने दाखवून ठेवला होता, आणि मंत्र उच्चारताना आवाज घुमू नये म्हणून मी दारावर घोंगडी धरायला दोघांना लावले होते. हे सगळे करून मी कुलूप उघडणारा ‘नॉक’ टाकला. डन्जन मास्टरने काही न बोलता पुस्तक उलटे करून माझ्यापुढे सरकवले आणि शेवटच्या वाक्यावर बोट ठेवले. हा मंत्र टाकला की त्या वस्तूतून मोठा ठोका निघतो आणि तो तीनशे फुटांपर्यंत ऐकू जातो. घोंगडी धरून उभे असलेले ते दोघे माझ्याकडे कसे बघत होते, ते मी विसरलेलो नाही.

उत्तर : जुनापंचाक्षरी

दुसऱ्या खेळांनी हाच पेच कसा सोडवला आहे हे पाहिले, तर आपला निर्णय सोपा होईल, असे मला वाटते.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या ३.५ आवृत्तीत मौनासाठी ‘सायलेंट स्पेल’ आणि स्थिर हातांसाठी ‘स्टिल स्पेल’ अशी दोन स्वतंत्र फीट, म्हणजे वेगळ्या घ्यायच्या क्षमता, होती आणि प्रत्येकीमुळे मंत्राला एका पातळीने वरचा स्लॉट, म्हणजे दिवसाला मोजून मिळणारी मंत्राची जागा, खर्ची पडायचा. बार्डच्या मंत्रांना ‘सायलेंट स्पेल’ लागूच होत नसे, आणि हे मला नेहमी मार्मिक वाटत आले आहे. ‘पाथफाइंडर’च्या दुसऱ्या आवृत्तीच्या २०२३पासूनच्या नव्या पुस्तकांत तर काही मंत्रांवर ‘सबटल’ अशी खूणच छापलेली असते. ती असेल तर मंत्रोच्चाराशिवाय आणि डोळ्यांत भरणाऱ्या खुणांशिवाय तो मंत्र टाकता येतो, नसेल तर तशी क्षमता वेगळी घ्यावी लागते. ‘गर्प्स’मध्ये मंत्रातले कौशल्य वाढत जाईल तसे शब्द आणि हातवारे कमी होत जातात आणि कौशल्य वीसवर गेले की दोन्हींची गरज उरत नाही.

परंतु या प्रश्नावर सर्वांत बारकाईने विचार केलेला खेळ माझ्या मते ‘आर्स मॅजिका’ हा आहे. त्याच्या २००४च्या पाचव्या आवृत्तीत आवाज आणि हात यांची चढती-उतरती भाजणीच दिली आहे. ठाम आवाज आणि ठळक हातवारा हे मूळ प्रमाण. गर्जून म्हटले तर मंत्राच्या बेरजेत एक मिळतो, हळू म्हटले तर पाच वजा होतात, मौन पाळले तर दहा. हातवारे मोठमोठे केले तर एक मिळतो, बारीक केले तर दोन जातात, मुळीच केले नाहीत तर पाच जातात. म्हणजे अवाक्षर न काढता, बोटही न हलवता मंत्र टाकणाऱ्याची पंधराची वजाबाकी होते. ज्याला ही वजाबाकी कमी करायची असेल, त्याने पात्र घडवतानाच त्यासाठी वेगळे गुण खर्चून ‘क्वाएट मॅजिक’ किंवा ‘सबटल मॅजिक’ घ्यावे. इथे “लपवता येते का?” असा प्रश्नच उरत नाही. लपवता येते, आणि मंत्र तितका दुबळा होतो. दरबारात उभ्या असलेल्या खेळाडूला त्या क्षणी खरोखर काहीतरी ठरवावे लागते.

आपल्या टेबलावर याचे रूपांतर करायचे झाले, तर ज्याच्याकडे सबटल स्पेल किंवा तत्सम क्षमता नाही, त्याला मंत्र दबक्या आवाजात म्हणता येईल, मात्र लक्ष्याला सेव्हिंग थ्रोवर ॲडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची मुभा, मिळेल, आणि तरीही दहा फुटांच्या आतल्या माणसाला तो ऐकू येईल, असा घरगुती नियम करून पाहावा. दहाचा आकडा माझ्या मनचा आहे, तो कुठल्या पुस्तकातला नाही.

उत्तर : अर्धीमात्रा

जुनापंचाक्षरी यांची ‘आर्स मॅजिका’बद्दलची मांडणी मला आवडली, पण त्यांच्या घरगुती नियमात एक फट आहे. सेव्हिंग थ्रो नसलेल्या मंत्रांचे काय? क्षणात दुसरीकडे नेणारा ‘मिस्टी स्टेप’ दबक्या आवाजात म्हटला तर त्याची किंमत कोण चुकवणार? ‘आर्स मॅजिका’त वजाबाकी मंत्र टाकणाऱ्याच्याच बेरजेतून होते, म्हणून ती सगळीकडे लागू पडते. पाचव्या आवृत्तीत तशी बेरीजच नाही. त्यापेक्षा ३.५ची पद्धत बरी : दबका आवाज हवा असेल तर एका पातळीने वरचा स्लॉट खर्च करावा. मंत्र कोणताही असो, स्लॉट सगळ्यांचेच मोजके असतात.

उत्तर : जुनापंचाक्षरी

मान्य. माझ्या डोक्यात फक्त मन वळवणारे मंत्र होते. स्लॉटची पद्धत अधिक सरळ आहे. फक्त तसा स्लॉट खर्चला म्हणून मंत्राचा जोर वाढणार नाही, हे टेबलावर आधीच सांगून ठेवावे, नाहीतर त्यावर नवा वाद सुरू होईल.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : वीसपैलू

सर्वांचे मनापासून आभार. ‘सजेशन’ला हातवारा लागत नाही हे वाचल्यावर मी पुस्तक उघडून खात्री केली आणि स्वतःशीच ओशाळलो. दोन शंका अजून उरतात. एक अशी की ‘सजेशन’मध्ये सूचना तर मोठ्यानेच सांगायची असते, मग ते सूचनेचे वाक्य हाच मंत्राचा उच्चार, असे धरता येईल का? तसे धरले तर सभ्य बोलण्याच्या ओघात मंत्र टाकला असे म्हणता येईल. दुसरी शंका सल्लागाराबद्दल. त्याने त्याच वेळी मंत्र हाणून का पाडला नाही, याचे काही कारण मला आता द्यावे लागेल.

उत्तर : तळटीप

पहिल्या शंकेचे उत्तर नकारार्थी आहे. मंत्राचा उच्चार हा स्वतंत्र असतो आणि सूचना त्यानंतर, ऐकणाऱ्याला समजेल अशा भाषेत, वेगळी सांगावी लागते. नियमांच्या अधिकृत खुलाशातही हेच सांगितले आहे. ऐकणाऱ्यांना आधी काही अगम्य शब्द ऐकू येतात आणि पाठोपाठ एक गोड वाक्य. एकामागून एक आलेली ही जोडी संशय यायला पुरेशी आहे.

सल्लागाराच्या बाबतीत नियम आपल्याला सोयीचे आहेत. मंत्र हाणून पाडणारा २०१४चा ‘काउंटरस्पेल’ साठ फुटांच्या आत कोणी मंत्र टाकताना दिसले तर प्रतिक्रिया म्हणून, म्हणजे दुसऱ्याच्या कृतीच्या मधेच, टाकता येतो. त्यात ‘दिसले तर’ हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. हात झग्यात आणि तोंडापुढे मूठ असेल, तर सल्लागाराला काहीतरी ऐकू आले, पण ‘दिसले’ नाही, असा अर्थ आपण प्रामाणिकपणे लावू शकता. शिवाय कोणता मंत्र टाकला जातो आहे हे त्याच क्षणी ओळखायचे तर त्यालाही प्रतिक्रियाच खर्चावी लागते, आणि एका फेरीत प्रतिक्रिया एकच मिळते. ज्याने ओळखण्यात ती घालवली, त्याला रोखता येत नाही. आपला सल्लागार ओळखत बसला असे समजा. अर्कानाचा, म्हणजे जादूच्या ज्ञानाचा, रोल, लक्ष्य पंधरा अधिक मंत्राची पातळी म्हणजे सतरा, आणि मंत्र विझर्डने विझर्डचा म्हणून टाकलेला असल्याने व ओळखणाराही विझर्डच असल्याने त्याला ॲडव्हांटेज. हा रोल आपण पडद्याआड आत्ताही करू शकता.

उत्तर : दिवटीवाला

एक पुरवणी. पहारेकऱ्यांनी काय करावे हेही ठरवून ठेवा. कोणीतरी मंत्र म्हणतो आहे एवढे त्यांना कळेल, कोणता हे कळणार नाही. त्यांच्या कानाला आशीर्वाद आणि आगीचा गोळा यांची सुरुवात सारखीच वाटते. त्यामुळे दरबारात परवानगीशिवाय मंत्रोच्चार करणाऱ्याला आधी खाली पाडायचे आणि चौकशी नंतर करायची, असा शिरस्ता असणे अगदी साहजिक आहे. माझ्या जगात राजदरबारी येणाऱ्याकडून काठी, स्फटिक आणि घटकांची पिशवी दारातच काढून घेतात. हे खेळाडूंना पहिल्या भेटीतच दिसले की पुढचे निम्मे वाद होत नाहीत.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : वीसपैलू

काल बैठक झाली, म्हणून शेवट कळवतो. खेळ सुरू होण्याआधी मी चूक कबूल केली, कैद्याची सुटका मागे घेतली नाही, आणि पुढे लागू होणारा नियम सांगितला : घटक लपवण्यासाठी रोल नाही, दबका आवाज हवा असेल तर वरचा स्लॉट, आणि त्यानेही ऐकू येण्याचे अंतर फक्त कमी होते, सबटल स्पेलमध्ये साधे साहित्य माफ. विझर्डच्या खेळाडूने थोडी कुरकुर केली आणि मग त्याच्या मंत्रांच्या यादीत उच्चार नसलेले किती आहेत हे मोजायला बसला.

सल्लागाराचा रोल मी बैठकीआधी पडद्याआड टाकला होता. एकवीस. त्यामुळे तो काल संध्याकाळच्या प्रसंगात पात्रांच्या मुक्कामी एकटाच आला, विझर्डसमोर बसला, खोकल्यावरचे औषध म्हणून एक कुपी त्याच्यापुढे ठेवली आणि राजप्रतिनिधीला हे कळू नये असे वाटत असेल तर एक काम करावे लागेल, असे म्हणाला. टेबलावर कोणीही हसले नाही. सॉर्सररच्या खेळाडूने सल्लागार नेमका किती फुटांवर बसला आहे असे विचारले आणि तिच्यासमोरच्या पाच पॉइंटांपैकी एक बाजूला सरकवला.